डॉ. हाफकिन आणि हुबळीचा प्लेग

आमच्या हुबळी-धारवाडकडच्या जुन्या माणसांची काळ मोजण्याची एक रीत होती. एखाद्याचा जन्म केव्हाचा असे विचारले, तर शके किंवा सन न सांगता ती माणसे पहिल्या प्लेगाच्या आधीचा किंवा नंतरचा एवढेच सांगत. ती पिढी केव्हाच गेली. परंतु तिने सांगितलेल्या गोष्टी काही घरांतून अजून ऐकू येतात. भर अंगणात येऊन गरगर फिरून मरणारा उंदीर, काखेत आलेली गाठ, कुलूप घालून ओस टाकलेली घरे, माळावर उभारलेल्या झोपड्यांची वस्ती. त्या गोष्टींत मुंबईहून आलेल्या औषधाच्या बाटल्या आणि दंडात टोचलेली सुई हीही असतात. ज्याने त्या बाटल्यांतील औषध सिद्ध केले त्या पुरुषाचे नाव मात्र त्यांत क्वचितच येते. म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र निवडले आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. शाळेचे शिक्षण आटोपून १८७९ साली ते तेथील विद्यापीठात दाखल झाले आणि सृष्टिविज्ञान शिकू लागले. तेथे त्यांना जे गुरू लाभले त्यांचे नाव एली मेच्निकॉफ. या गुरुशिष्यांची गाठ पडली नसती तर पुढची कथा निराळीच झाली असती.

१८८१ साली रशियाच्या झारचा वध झाला आणि त्याचा राग ज्यू वस्त्यांवर निघाला. ओडेसात दंगली उसळल्या. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत एकवीस वर्षांचे हाफकिनही होते. ते जखमी झाले आणि वर पोलिसांनी त्यांनाच पकडले. मेच्निकॉफ यांनी रदबदली केली तेव्हा त्यांची सुटका झाली. पुढे ते ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करू लागले, पदवीही मिळाली, विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. परंतु प्राध्यापकाची जागा हवी असेल तर ज्यू धर्म सोडून रशियन सनातन ख्रिस्ती पंथ स्वीकारावा, अशी अट होती. हाफकिन यांनी ती नाकारली. आम्हांस वाटते, पुढे हिंदुस्थानात दुसऱ्यांच्या धर्मभावनांची जी काळजी त्यांनी वाहिली, तिचे मूळ येथे असावे. धर्म सोडण्याची सक्ती म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता त्यांच्या गुरूंच्या एका प्रयोगाकडे थोडे वळले पाहिजे. त्यावाचून लस म्हणजे काय हे नीट कळणार नाही. १८८२ सालच्या हिवाळ्यात मेच्निकॉफ इटलीतील मेसिना येथे समुद्रातील तारामाशाच्या पिल्लांचे निरीक्षण करीत होते. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसते. मेच्निकॉफ यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून ते एका पिल्लाच्या अंगात रुतवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते व कधी पिकते. त्या दाहाचा अर्थ त्यांना तेथे उमगला. दाह म्हणजे नुसते दुखणे नव्हे. शरीराच्या रक्षक पेशी परक्या वस्तूवर चालून गेल्याची ती खूण आहे. जंतूंना गिळून पचविणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी असे नाव मिळाले. या शोधाबद्दल १९०८ साली मेच्निकॉफ यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१८८८ साली हाफकिन यांनी रशिया सोडला. जिनिव्हाच्या विद्यापीठात काही काळ साहाय्यक म्हणून काम करून ते १८८९ साली पॅरिसला गेले. मेच्निकॉफ त्यापूर्वीच लुई पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले होते. संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरल्या वेळात प्रयोग करावेत असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी युरोपला पटकीची दहशत होती. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनिपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे ओळीने ३९ वेळा नेऊन त्यांना अतिशय जालीम बनविले. उष्णतेने दुबळे केलेले जंतू आधी टोचावयाचे आणि मग काही दिवसांनी हे जालीम जंतू, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण काही दिवसांत ते बरे झाले. नंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही ती घेतली. पुढे प्रश्न उरला तो हा, की पटकी जेथे खरोखर वर्षानुवर्षे घर करून आहे अशा ठिकाणी ही लस पारखावी कशी. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांना हिंदुस्थानची वाट मोकळी झाली.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले. पुढील दोन वर्षांत आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत ते हिंडले आणि सुमारे ४२,००० लोकांना पटकीची लस टोचली गेली. कलकत्त्याच्या बस्त्यांतून त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी व दत्त हे बंगाली डॉक्टर फिरत. लोकांचा विश्वास परक्या साहेबापेक्षा आपल्या डॉक्टरवर अधिक बसतो ही गोष्ट हाफकिन यांच्या लवकर ध्यानी आली होती. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ साली त्यांना विलायतेस परतावे लागले. परंतु १८९६ च्या मार्चमध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात हजर झाले.

त्याच वर्षी, २३ सप्टेंबर रोजी, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोमंतकीय डॉक्टरांनी एक रोगी तपासला आणि हा गाठीचा प्लेग आहे असे जाहीर केले. मुंबई हादरली. जो तो गाडी किंवा आगबोट गाठून गावी पळू लागला आणि पळणाऱ्यांच्या गाठोड्यांतून रोगही चोहोकडे गेला. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते आले, तेव्हा त्यांना काय मिळाले असावे? ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्यापुढचा बोळ. माणसे म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगाच्या लसीस हात घातला.

प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढला होता. हा जंतू मुबलक वाढवावा कसा, ही पहिली अडचण. हाफकिन यांनी मांसाचा रस काचेच्या चंबूत घेऊन त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. नवल असे की त्या तुपाच्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके खाली लोंबू लागले. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की ते तुटून तळाशी बसत आणि वरती नवे लोंबू लागत. असे पाच-सहा आठवडे चालले की चंबूत जंतूंचे पीक भरघोस येई. मग तो चंबू ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत सुमारे तासभर तापवून सर्व जंतू मारावयाचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालावयाचे, की लस तयार. मांस कोणते घ्यावे हाही विचार त्यांनी केला होता. गाईचे घेतले तर हिंदू लस घेणार नाहीत, डुकराचे घेतले तर मुसलमान घेणार नाहीत. म्हणून त्यांनी बोकडाचे घेतले. शाकाहारी माणसाचे समाधान त्यानेही झाले नसेल, हे खरे. पण युरोपातून नुकत्याच आलेल्या शास्त्रज्ञाने एवढे ओळखावे हेच आम्हांस विशेष वाटते.

कामाचा ताण असा की एका साहाय्यकाची मनःस्थिती बिघडली आणि दुसरे काम सोडून गेले. तरीही तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा तेच केले जे त्यांनी पॅरिसमध्ये केले होते. त्यांनी स्वतःस लस टोचवून घेतली, आणि तीही पुढे इतरांना देण्यात आलेल्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. सडकून ताप भरला, अंग ठणकले. पण तो ताप ओसरला. त्यानंतर कॉलेजातील काही मंडळी लस घेण्यास पुढे झाली.

महिना संपण्याच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे कैद्यांना विचारण्यात आले आणि सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. अन्न एकच, कोठड्या एकच, हवापाणी एकच. फरक काय तो सुईचा. टोचणीच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग भिनला होता ते वगळता, लस घेतलेल्यांपैकी पुढे दोघांना प्लेग झाला व दोघेही बचावले. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना तो झाला आणि ६ दगावले. आकडे लहान आहेत. पण ज्या रोगात निम्म्याहून अधिक रोगी मरत, त्यात एवढे आकडेही लोकांच्या डोळ्यांत भरले.

याच सुमारास पुण्यात काय चालले होते ते महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. रँड यांच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घरांत घुसत, देवघरे व माजघरे धुंडाळत, रोग्यांना ओढून इस्पितळात नेत. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या पिस्तुलाने झाला. त्याच पुण्यात १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने निवर्तल्या. एकीकडे सक्ती आणि दुसरीकडे सेवा यांच्यामध्ये लस कोणत्या बाजूस उभी राहावयाची, हा प्रश्न होता. हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होते. माणसाने समजून उमजून दंड पुढे करावा, असा त्यांचा आग्रह असे. मुंबईत आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस घेतली. मग खोजा समाजातील हजारो लोकांनी ती घेतली. इतकेच नव्हे, तर आगाखानांनी १८९८ साली आपली माझगावची खुश्रू लॉज ही इमारत लस बनविण्यास वापरू दिली.

आता आमच्या गावाकडे येऊ.

१८९८ साली हुबळी हे मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यातील सुमारे ५०,००० वस्तीचे गाव होते. कापसाची मोठी पेठ, सूतगिरणी, सदर्न मराठा रेल्वेचे जंक्शन व कारखाना यांमुळे ते भरभराटीस येत होते. ज्या वाटेने भरभराट आली त्याच वाटेने प्लेगही आला. उंदीर का पडतात, ते पडल्यावर माणसे का मरतात, हे कोणासही निश्चित ठाऊक नव्हते. त्याच वर्षी कराचीमध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात असे प्रयोगाने दाखविले. परंतु विद्वानांनी ते मान्य करावयास पुढे कित्येक वर्षे लागली. तेव्हा हुबळीच्या लोकांपुढे दोनच मार्ग होते. घर सोडून माळावर जावे, नाहीतर लस घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर माळावर जाणे म्हणजे काय हे आमच्या भागातील पाऊस पाहिलेल्यास सांगावयास नको.

गावात टोचणीचे काम कॅप्टन ल्यूमन या लष्करी डॉक्टरांनी अंगावर घेतले. मे महिन्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांची टोचणी चालू होती. हळूहळू गावाचा फार मोठा भाग टोचून झाला. पुष्कळांनी दोनदा टोचून घेतले. हिंदुस्थानात एका शहराने इतक्या मोठ्या प्रमाणावर प्लेगाची लस घेतल्याचे उदाहरण तोवर नव्हते, आणि म्हणून हुबळीचे नाव विलायतेच्या वैद्यकीय चर्चांतून निघू लागले.

त्या वेळच्या कागदपत्रांतील एकच उदाहरण देतो. सदर्न मराठा सूत व कापड गिरणीत १,१७३ माणसे कामास होती. त्यांपैकी १,०४० जणांनी दोनदा लस घेतली होती; त्यांतील २२ दगावले. एकदाच घेतलेले ५८ होते. त्यांतील ८ दगावले. मुळीच न घेतलेले ७५. त्यांतील २० दगावले. म्हणजे शेकडा हिशेबाने पाहता अनुक्रमे सुमारे २, १४ आणि २७.

हे आकडे पाहून चटकन् टाळी वाजवावीशी वाटते, पण गणिताच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. ज्याला दोनदा लस घ्यावयाची तो दुसऱ्या टोचणीपर्यंत जिवंत तरी असला पाहिजे. जो आधीच गेला तो एकदाच्या किंवा न घेतलेल्यांच्या रकान्यात पडतो, आणि त्यामुळे दुसऱ्या रकान्याचे यश वाजवीपेक्षा थोडे मोठे दिसते. शिवाय लस घेणारा माणूस घराची स्वच्छताही अधिक राखणारा असू शकतो. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही त्या वेळच्या आकड्यांच्या काटेकोरपणाबद्दल शंका घेतल्या होत्या. तथापि इतके सारे वजा करूनही अंतर एवढे मोठे राहते, की लसीने प्लेग होण्याचे आणि त्याने मरण्याचे प्रमाण पुष्कळ घटते असाच निष्कर्ष कमिशनला काढावा लागला. दोनदा लस घेऊनही २२ माणसे गेली, हेही विसरून चालणार नाही. हाफकिन यांनी आपली लस अचूक आहे असा दावा कधी केला नाही.

मेलेल्या जंतूंनी भरलेले पाणी जिवंत जंतूंपासून माणसाला वाचवते तरी कसे? येथे मेच्निकॉफ यांचा गुलाबाचा काटा पुन्हा उपयोगी पडतो. लस टोचताच त्या जागी दाह होतो. रक्षक पेशी धावून येतात आणि मृत जंतू गिळतात. मग त्यांचे तुकडे त्या जवळच्या लसिकाग्रंथींत नेऊन तेथील दुसऱ्या पेशींना जणू चोराची ओळख पटवून देतात. त्यातून त्या जंतूला नेमके धरणारी प्रतिपिंडे तयार होतात, आणि काही पेशी ती ओळख दीर्घकाळ स्मरणात ठेवतात. खरा जंतू आला की तयारीला वेळ लागत नाही. प्लेगाचा जंतू फार धूर्त आहे. तो स्वतःभोवती एक बुळबुळीत आवरण तयार करतो, भक्षक पेशींना गिळू देत नाही आणि त्यांच्यात विषारी प्रथिने सोडून त्यांना लुळे करतो. काखेत वा जांघेत येणारी गाठ म्हणजे याच झुंजीचे रणक्षेत्र बनलेली लसिकाग्रंथी होय. आधी ओळख पटलेली असेल, तर पेशी जंतू माजण्यापूर्वीच त्याच्यावर तुटून पडतात.

आज या विद्येने फार लांबचा पल्ला गाठला आहे. मीटरचा एक अब्जांश म्हणजे एक नॅनोमीटर. प्लेगाचा जंतू हजार ते तीन हजार नॅनोमीटर लांब असतो. शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे त्या जंतूहूनही किती तरी लहान असे स्निग्ध पदार्थांचे कण आता प्रयोगशाळेत बनविता येतात. त्यांत सबंध जंतू नव्हे, तर जंतूतील एखादे प्रथिन कसे बनवावे याची नुसती कृती भरून देतात. आपल्याच पेशी ती वाचून प्रथिन बनवितात आणि रक्षक पेशी त्याची ओळख करून घेतात. २०२० नंतरच्या कोरोनाच्या साथीत याच जातीच्या लसी जगभर दिल्या गेल्या, आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या संशोधनास २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी अशा नॅनोकणांतून प्लेगाच्या जंतूच्या आवरणातील प्रथिनाची कृती देऊन एकाच मात्रेत उंदरांचा प्लेगापासून बचाव केल्याचे प्रसिद्ध केले. दुसरीकडे काही संशोधक उलट्या दिशेने जात आहेत. नॅनोकणांत औषध भरून ते भक्षक पेशींना गिळू द्यावयाचे. दाहाच्या जागी या पेशी आपणहून जातातच, तेव्हा औषधही त्यांच्या पाठीवरून तेथे पोचते व फाजील दाह शमतो. यातील पुष्कळसे काम अद्याप प्रयोगशाळेत व प्राण्यांवरच चालू आहे. हाफकिन यांच्या चंबूतील तुपाचा थेंब आणि आजचा स्निग्ध नॅनोकण यांचे काम अगदी भिन्न; तरी दोन्हीकडे स्निग्धच कामास आले याची आम्हांस थोडी गंमत वाटल्यावाचून राहिली नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख होते. लसीला मागणी वाढतच होती, आणि नेमक्या या यशाच्या शिखरावर त्यांच्यावर घाला आला.

पंजाबातील मलकोवाल या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. लस पाच बाटल्यांतून दिली होती. त्यांतील एका बाटलीतून ज्यांना दिली, त्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. बाकीच्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही. एका खेड्यातील एकोणीस माणसे रोग टाळावा म्हणून पुढे येतात आणि त्यातच प्राण गमावतात, याहून दारुण काय असणार? चौकशी झाली. हाफकिन यांनी मागणी पुरी करण्यासाठी बनविण्याच्या कृतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते आणि केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. ही पद्धत पॅरिसच्या संस्थेत रूढ होती. चौकशी समितीने याच बदलावर बोट ठेवले आणि बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असे ठरविले. हाफकिन यांना दूर करण्यात आले व ते १९०४ साली विलायतेस गेले.

परंतु मलकोवालच्या साक्षींतच एक गोष्ट नमूद होती. ती बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो उकळत्या पाण्यात किंवा ज्योतीवर नीट शुद्ध न करताच बाटलीच्या बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर ती आल्याखेरीज राहती ना. एवढे असूनही हाफकिन यांना न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. ज्यांनी हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध केला त्या रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू हिरिरीने उचलून धरली. कलकत्त्यापासूनचे त्यांचे स्नेही सिम्पसन हेही पुढे आले. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले, आणि अखेर त्या वर्षाच्या शेवटी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. त्या मदतनिसाचाही दोष आम्ही फार मोठा करीत नाही.  दोष आहे तो साक्ष समोर असताना तिच्याकडे डोळेझाक करणाऱ्यांचा.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण मुंबईस नव्हे. परळची प्रयोगशाळा दुसऱ्यांच्या हाती गेली होती. कलकत्त्यास त्यांना जागा मिळाली, तरी आपल्या नव्या लसींचे प्रयोग लोकांवर करण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. ज्याने दोनदा स्वतःवर प्रयोग करून पाहिला त्या माणसाचे उरलेले दिवस कागदावर व चंबूवर गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त झाले आणि पुन्हा हिंदुस्थानात आले नाहीत.

उतारवयात त्यांचे मन धर्माकडे वळले. १९१६ साली त्यांनी ज्यू धर्माच्या परंपरागत आचाराचे समर्थन करणारा निबंध लिहिला. त्यांनी लग्न केले नव्हते. १९२८ साली ते स्वित्झर्लंडमधील लोझान गावी राहावयास गेले, आणि पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी आपली संपत्ती देऊन त्यांनी एक निधी उभारला. तेथेच २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचा अंत झाला.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात प्लेगाच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा हयात होते आणि ती वार्ता त्यांना कळली. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट काढले. पुढे प्रतिजैविक औषधे आली आणि वेळेवर औषध मिळाले तर प्लेगाचा रोगी सहसा वाचू लागला. १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरतेस प्लेगाने पुन्हा डोके वर काढले तेव्हा याचा अनुभव आला. जुनी लस मागे पडली. परळची ती इमारत मात्र उभी आहे, आणि मुंबईस गेलेल्या विद्यार्थ्याने ती वाट वाकडी करून पाहावी.